विश्लेषण : मूळ बँड १९९४ मध्ये थांबला, ‘नक्कल’ मात्र आजही दौऱ्यावर! काय आहे ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’?

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा शेवटचा दौरा २९ ऑक्टोबर १९९४ रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये संपला. त्यानंतर २००५ मध्ये ‘लाइव्ह ८’ या मदतनिधी कार्यक्रमासाठी हाइड पार्कवर चौघे एकत्र आले, चार गाणी वाजवली आणि पुन्हा आपापल्या वाटेने गेले. आता ते एकत्र येणेही शक्य नाही. सिड बॅरेट २००६ मध्ये आणि कीबोर्डवादक रिचर्ड राइट २००८ मध्ये गेले. उरलेल्यांपैकी रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मर यांचे भांडण तर जगजाहीर आहे.

तरीही ही गाणी तिकीट काढून, मोठ्या सभागृहात बसून, डोक्यावरून जाणाऱ्या लेझरच्या झोतात आजही ऐकता येतात. ती वाजवतो ‘द ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ हा बँड. त्याची स्थापना १९८८ ची. म्हणजे मूळ पिंक फ्लॉइड १९६५ ते १९९४ अशी २९ वर्षे रंगमंचावर होता आणि त्याची नक्कल करणारे पस्तीस वर्षांहून अधिक काळ दौरे करत आहेत. मूळ चित्रापेक्षा प्रतीचे आयुष्य मोठे होण्याचा हा प्रकार नेमका काय आहे?

ट्रिब्यूट बँड म्हणजे काय?

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राची सवय असलेल्यांना ही कल्पना पटकन समजेल. ‘व्हॉइस ऑफ किशोर’, ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ अशा पाट्या लावून होणारे कार्यक्रम महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत झाले आहेत. फरक इतकाच की ऑर्केस्ट्रा रफीपासून किशोरपर्यंत सगळ्यांची गाणी घेतो, ट्रिब्यूट बँड मात्र एकाच बँडला वाहिलेला असतो. कव्हर बँडही वेगळा. तो दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने वाजवतो. ट्रिब्यूट बँडला ‘आपली पद्धत’ ठेवायची परवानगीच नसते. मूळ रेकॉर्डवर गिटारची तार जिथे ओढली आहे तिथेच ती ओढली गेली पाहिजे, नाहीतर तिसऱ्या रांगेतला पन्नाशीचा गृहस्थ कपाळाला आठ्या घालतो.

या प्रकाराची पाळेमुळे अमेरिकेतल्या एल्व्हिस प्रेस्लीच्या नकलाकारांपर्यंत जातात. पण बँडच्या बँड उभा करण्याची पद्धत रूढ झाली ती बीटल्समुळे. ‘बीटलमेनिया’ हा कार्यक्रम १९७७ मध्ये ब्रॉडवेवर आला, पुढे लंडनमध्येही झाला. लंडनचा प्रयोग बंद पडल्यावर त्यातल्या कलाकारांनी १९८० मध्ये ‘द बूटलेग बीटल्स’ काढला. तोही अजून सुरू आहे. खरे बीटल्स जेमतेम दहा वर्षे टिकले होते, हे इथे आठवायला हरकत नाही.

सुरुवात ॲडलेडमध्येच का झाली?

अंतर हे त्याचे मोठे कारण. लंडन किंवा न्यूयॉर्कहून आख्खा रंगमंच, ध्वनियंत्रणा आणि शंभरेक माणसे घेऊन ऑस्ट्रेलियाला जाणे मोठ्या बँडना परवडत नसे. पिंक फ्लॉइड १९७१ मध्ये तिथे एकदा जाऊन आले होते. त्यानंतर त्यांनी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ काढला, ‘विश यू वेअर हिअर’ काढला, ‘द वॉल’ काढला. त्यांच्या कीर्तीचा सगळा काळ उलटून गेला आणि ते पुन्हा ऑस्ट्रेलियात पोहोचले ते थेट १९८८ च्या सुरुवातीला. सतरा वर्षे एका पिढीने ही गाणी फक्त तबकडीवर ऐकली. जे समोर येऊन वाजवणार नाहीत त्यांचे संगीत आपणच वाजवायचे, अशी सवय तिथल्या पबमध्ये वाजवणाऱ्या मुलांना लागली असेल तर नवल नाही. ‘अब्बा’ या स्वीडिश गटाची नक्कल करणारा ‘बियॉर्न अगेन’ हा प्रसिद्ध बँडही ऑस्ट्रेलियातलाच, मेलबर्नचा, आणि तोही १९८८ चाच.

इथे आणखी एक गंमत आहे. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेला पिंक फ्लॉइड ‘खरा’ होता का, यावरच तेव्हा वाद सुरू होता. बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिणारे वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडले होते. आपल्याशिवाय कोणी पिंक फ्लॉइड हे नाव वापरू नये म्हणून ते कोर्टात गेले. १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली आणि नाव गिल्मर व ड्रमर निक मेसन यांच्याकडे राहिले. वॉटर्स यांनी त्यांच्याविना निघालेल्या अल्बमची संभावना ‘हुशारीने केलेली बनावट’ अशा अर्थाच्या शब्दांत केली होती. म्हणजे मूळ बँडवर नकलीपणाचा शिक्का बसत होता त्याच सुमारास ॲडलेडमध्ये काही पोरे उघडपणे नक्कल करायला बसली होती.

गिल्मर स्वतः ऐकायला आले तेव्हा…

हा बँड १९९३ मध्ये इंग्लंडला गेला. नकलाकाराने मूळ कलाकाराच्या गावात जाऊन दुकान थाटणे हे धाडसच म्हणायचे. पुढच्याच वर्षी क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समधल्या त्यांच्या कार्यक्रमाला प्रेक्षकांत डेव्हिड गिल्मर बसले होते. त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी या मंडळींना पिंक फ्लॉइडच्या दौऱ्याच्या सांगता समारंभाचे आमंत्रण दिले. १९९६ मध्ये गिल्मर पन्नास वर्षांचे झाले. लंडनच्या फुलम टाऊन हॉलमधल्या त्या वाढदिवसाला वाजवायला बोलावले ते याच बँडला. ‘कम्फर्टेबली नम्’ सुरू झाले तेव्हा गिल्मर आणि राइट दोघेही मंचावर चढले आणि त्यांच्यासोबत वाजवू लागले.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोक्यात एकच विचार आला. ज्याने तो सोलो सुरावट-सुरावट पाठ करण्यात काही वर्षे घालवली, त्या गिटारवादकाच्या शेजारी तो सोलो रचणारा माणूस येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे हात थरथरले नसतील का? त्याच पार्टीत ‘बूटलेग बीटल्स’ही वाजवत होते आणि पाहुण्यांमध्ये खरे जॉर्ज हॅरिसन होते. एका संध्याकाळी एका छताखाली दोन बँडचे अस्सल आणि नक्कल दोन्ही हजर, असा योग पुन्हा आला नसावा.

हुबेहूब वाजवणे इतके अवघड का?

रॉक गाणे म्हणजे चार कॉर्ड आणि जोरात ड्रम, असा समज असेल तर पिंक फ्लॉइडच्या बाबतीत तो लगेच कोसळतो. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर कोणाच्या ना कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये ‘फ्लॉइड’ नावाचे फोल्डर असायचेच आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते हमखास उघडले जायचे. तेव्हा आम्हाला ते फक्त ‘भारी’ वाटायचे. त्यामागे किती जुगाड होता हे नंतर कळले.

‘मनी’ या गाण्याचेच घ्या. सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याची घंटी असे आवाज एका ठेक्यात येतात. हे १९७२-७३ चे काम आहे. कॉम्प्युटर नाही, सॅम्पलर नाही. प्रत्येक आवाज चुंबकीय टेपवर घेतला, ते तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि चिकटवून त्यांची एक गोल माळ केली. टेपची लांबी म्हणजेच वेळ, हा साधा हिशेब. ही माळ यंत्रातून फिरत राहते आणि ठेका तयार होतो. हा ठेका सात मात्रांचा आहे. आपल्या रूपक तालातही सातच मात्रा असतात, पण खंड वेगळे पडतात. रॉकच्या चार मात्रांवर मान हलवायची सवय असलेल्या ड्रमरला सातवर टिकून राहणे हीच पहिली परीक्षा. त्यात गिटारचा सोलो आला की गाणे चार मात्रांवर उडी मारते आणि मग पुन्हा सातवर परतते.

‘टाइम’ या गाण्याच्या आधी वाजणारी घड्याळे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. ‘ऑन द रन’मधला धावता आवाज एका छोट्या सुटकेसमध्ये बसणाऱ्या ‘ईएमएस सिंथी’ नावाच्या ब्रिटिश सिंथेसायझरचा. त्यात आठ सुरांची ओळ भरायची आणि मग तिचा वेग वाढवायचा. गिल्मर यांच्या गिटारचा लांबवर घुमणारा आवाज सुरुवातीच्या काळात ‘बिन्सन एकोरेक’ या इटालियन यंत्रातून यायचा. त्यात टेपऐवजी फिरणारी चुंबकीय तबकडी असते. तबकडी जुनी झाली, मोटर किंचित डगमगली की आवाजातही बारीक थरथर येते. आज या थरथरीचीच किंमत आहे.

म्हणजे ट्रिब्यूट बँडचे काम उलट्या बाजूने सुरू होते. समोर फक्त अंतिम आवाज आहे. तो कोणत्या गिटारचा, कोणत्या ॲम्प्लिफायरचा, दोन प्रतिध्वनींमध्ये किती मिलिसेकंदांचे अंतर, हे सगळे कानाने उलगडायचे. आम्ही ज्याला रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतो ते हेच. गिल्मर यांची ती प्रसिद्ध काळी ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटार जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. इतके पैसे कोणत्याच ट्रिब्यूट बँडकडे नसतात. सुदैवाने फेंडर कंपनीने २००८ मध्येच तिची प्रतिकृती बाजारात आणली होती. नकलेसाठी लागणारी गिटारही नक्कलच!

आवाजानंतर प्रश्न येतो दृश्याचा. सभोवतालच्या भोंग्यांतून आवाज फिरवण्याचा प्रयोग पिंक फ्लॉइडने मे १९६७ मध्येच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये केला होता. त्यासाठी त्यांच्याकडे एक खास पेटी होती. तिची दांडी ज्या कोपऱ्याकडे वळवाल त्या कोपऱ्यातून आवाज येई. पुढे सत्तरच्या दशकात मंचामागे मोठा गोल पडदा आला, त्यावर चित्रफिती आल्या. आता चित्रफीत आणि वादन जुळवायचे तर ड्रमरच्या कानात सतत क्लिक वाजत राहावा लागतो. गाणे अर्ध्या सेकंदाने जरी पुढे गेले तरी पडद्यावरचे घड्याळ आधी किंवा नंतर वाजणार.

ऑस्ट्रेलियन मंडळींनी हे सगळे उभे केले. गोल पडदा आहे, लेझर आहेत. मात्र एका ठिकाणी त्यांनी स्वतःची सही केली आहे. पिंक फ्लॉइडच्या कार्यक्रमात हवेत तरंगणारे फुगवलेले डुक्कर असायचे. (१९७६ मध्ये अल्बमच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढताना हे डुक्कर दोर तोडून लंडनच्या आकाशात उडाले होते आणि विमानतळाची धावपळ उडाली होती!) ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइडच्या मंचावर गाणी तीच, पण फुगून उभा राहतो तो भलामोठा गुलाबी कांगारू.

उत्स्फूर्त गाण्याची नक्कल कशी करायची?

माझ्या मते या बँडपुढचे सगळ्यात कठीण काम गिटारवादकाचे नाही, गायिकेचे आहे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या रचनेत शब्दच नाहीत. एका स्त्रीचा आवाज चढत जातो, फुटतो, शांत होतो. १९७३ च्या जानेवारीत क्लेअर टॉरी या तरुण गायिकेला रविवारी स्टुडिओत बोलावून घेतले. काय गायचे हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. तिने आपला आवाज म्हणजे एक वाद्य आहे असे मानले आणि दोन-तीन प्रयत्नांत गाऊन टाकले. मानधन मिळाले ३० पौंड. आपले गाणे अल्बममध्ये घेतले आहे हे तिला अल्बम निघाल्यावर कळले.

तिने जे त्या क्षणी सुचेल तसे गायले, तेच आज जगभरच्या ट्रिब्यूट बँडमधल्या गायिका श्वासासकट पाठ करतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे जरा विचित्र वाटेल. मैफलीत घेतलेली तान दुसऱ्याने जशीच्या तशी घेतली तर आपण त्याला दाद देऊ, पण मोठा गायक म्हणणार नाही. इथे मात्र ती ‘जशीच्या तशी’ घेणे हीच अट आहे. आणि ती अट पाळताना गाणे पाठांतरासारखे वाटले, तर सगळेच फसते.

या बँडच्या गायिकांमध्ये पुढे लॉरेलाय मॅकब्रूम यांचाही समावेश झाला. त्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खुद्द पिंक फ्लॉइडच्या दौऱ्यात सहगायिका होत्या. अस्सलमधली व्यक्ती नकलेत आली की त्या नकलेला काय म्हणायचे?

मग पैसे कोणाला मिळतात?

वाचकांना सर्वाधिक कुतूहल असते ते याचेच. दुसऱ्याची गाणी वाजवून तिकिटे विकायला मूळ बँडची परवानगी लागत नाही का?

गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या विशिष्ट रेकॉर्डचा. मंचावर जिवंत वाजवताना रेकॉर्ड वापरली जात नाही, त्यामुळे दुसऱ्या हक्काचा प्रश्न येत नाही. पहिल्यासाठी सभागृह किंवा आयोजक त्या देशातल्या स्वामित्वहक्क संस्थेकडून परवाना घेतात. ब्रिटनमध्ये ‘पीआरएस’, ऑस्ट्रेलियात ‘अप्रा’, भारतात ‘आयपीआरएस’. ही संस्था जमा झालेले शुल्क गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांना वाटते. प्रत्येक गाण्यासाठी वॉटर्स यांना फोन करावा लागत नाही.

यातून एक मजेशीर परिणाम होतो. पैसे मिळतात ते गाणे ‘लिहिणाऱ्याला’, ते मूळ रेकॉर्डवर ‘वाजवणाऱ्याला’ नाही. निक मेसन यांचा ड्रमचा ठेका ट्रिब्यूट बँडने तंतोतंत उचलला तरी त्या गाण्याच्या श्रेयनामावलीत मेसन नसतील तर त्यांना काही मिळत नाही. क्लेअर टॉरी यांचा झगडा नेमका यासाठीच होता. आपण गायलो नाही, तर चाल रचली, असे म्हणत त्या २००४ मध्ये कोर्टात गेल्या. २००५ मध्ये तडजोड झाली आणि राइट यांच्यासोबत सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव लागू लागले. आज एखाद्या गावातल्या सभागृहात ट्रिब्यूट बँडची गायिका ते गाणे गाते, तेव्हा त्या परवान्यातला हिस्सा तीस पौंडांत घरी गेलेल्या टॉरी यांनाही मिळू शकतो.

नाव, बोधचिन्ह आणि चित्रे यांचा मामला मात्र वेगळा आणि जास्त नाजूक आहे. ‘अब्बा’च्या कंपनीने २०२१ च्या अखेरीस ‘अब्बा मेनिया’ नावाने कार्यक्रम करणाऱ्यांना अमेरिकेच्या कोर्टात खेचले होते. बॉन जोव्हीच्या वकिलांनी ‘ब्लाँड जोव्ही’ या मुलींच्या बँडला २००९ मध्ये नोटीस धाडली होती. पिंक फ्लॉइडने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रणांचे तसेच नाव व प्रतिमेचे हक्क सोनी म्युझिकला विकले. हा व्यवहार सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. गीतलेखनाचे हक्क त्यात नव्हते. म्हणजे ट्रिब्यूट बँडकडून रचनेचे पैसे पूर्वीसारखेच रचनाकारांकडे जातील, पण पोस्टरवरच्या त्रिकोणी लोलकाबद्दल विचारायला आता एक मोठी कंपनी बसली आहे.

भारतात याच धर्तीवर २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमातल्या गाण्यांचे गीतकार-संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित झाला. त्यामुळे ‘सदाबहार गाणी’ असा तिकीट लावून कार्यक्रम करणाऱ्या आपल्याकडच्या आयोजकालाही हाच परवाना लागतो. किती जण घेतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.

बदलण्याची मुभा कोणाला?

मूळ कलाकार आज काय करत आहेत ते पाहिले की ट्रिब्यूट बँडचे स्थान नीट कळते. वॉटर्स यांनी २०२३ मध्ये ‘डार्क साइड ऑफ द मून’ पन्नास वर्षांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केला, तोही गिटारचे सोलो वगळून आणि बरेचसे बोलून. अनेक चाहते वैतागले. गिल्मर आपल्या नव्या गाण्यांचे दौरे करतात, जुनी मोजकीच घेतात. मेसन यांनी २०१८ मध्ये स्वतःचा वेगळा बँड काढला आणि तो १९७३ च्या आधीची पिंक फ्लॉइडची गाणीच तेवढी वाजवतो. थोडक्यात, ज्याने तो ड्रम वाजवला होता तो स्वतःच आपल्या तरुणपणाचा ट्रिब्यूट बँड चालवतो आहे.

वॉटर्स आपल्या रेकॉर्डशी वाटेल तसे खेळू शकतात, कारण ती त्यांची आहे. ऑस्ट्रेलियन बँडने तसे केले तर दुसऱ्या दिवशी लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. १९७३ चा आवाज ऐकायचा असेल तर तो बनवणाऱ्यांकडे न जाता न बनवणाऱ्यांकडे जावे लागते, अशी ही स्थिती आहे.

या निष्ठेची किंमत वादकांनी मोजली आहे. आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे दुसऱ्याचे सोलो वाजवायचे, टाळ्या मिळतात त्या सोलोला, नाव कोणी विचारत नाही. या बँडमध्ये तर माणसे बदलत गेली. आजच्या संचात ऑस्ट्रेलियन कमी आणि ब्रिटिश जास्त आहेत. गिटारवादक-गायक डेमियन डार्लिंग्टन तब्बल १७ वर्षे या बँडमध्ये होते. २०११ मध्ये त्यांनी लिव्हरपूलमध्ये ‘ब्रिट फ्लॉइड’ हा दुसरा ट्रिब्यूट बँड काढला. मूळ बँड फुटला, मग त्याच्या नकलेतूनही दुसरी नक्कल फुटली. नकलाकार किती मनापासून नक्कल करत होते, याचा याहून चांगला पुरावा नाही!

काहींना मात्र दार उघडले. ‘ज्युडास प्रीस्ट’ने १९९६ मध्ये नवा गायक घेतला तो त्यांच्याच गाण्यांच्या ट्रिब्यूट बँडमधला टिम ओवेन्स. ‘जर्नी’ या अमेरिकी बँडला २००७ मध्ये यूट्यूबवर फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा सापडला. तो मनिलात दुसऱ्यांची गाणी गायचा. मॉन्ट्रियलचा ‘द म्युझिकल बॉक्स’ हा बँड सत्तरच्या दशकातल्या ‘जेनेसिस’चे कार्यक्रम मुखवट्या-वेशभूषेसह जसेच्या तसे करतो. त्यांना खुद्द जेनेसिसने जुन्या स्लाइड वापरायला दिल्या. पिंक फ्लॉइडमध्ये अशी जागा कधी रिकामी होणार नाही, कारण भरती करायला बँडच उरलेला नाही.

मुंबईने ऐकलेला ‘फ्लॉइड’ किती टक्के अस्सल?

फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आले होते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर त्यांनी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आख्खा वाजवला. मी तेव्हा शाळेत, त्यामुळे हुकले. पण ऑफिसमधले सीनियर आजही तो विषय निघाला की खुर्ची पुढे ओढतात. ‘आम्ही फ्लॉइड बघितलाय’ हे वाक्य ठरलेले.

त्यांना दुखवायचे नाही, पण त्या रात्री मंचावर पिंक फ्लॉइडचा सदस्य एकच होता. गिल्मर यांचे सोलो डेव्ह किल्मिन्स्टर आणि स्नोई व्हाइट या गिटारवादकांनी वाटून घेतले होते. गिल्मर यांच्या वाट्याचे बरेचसे गाणे जॉन कॅरिन गात होते. मेसन यांचे ड्रम ग्रॅहम ब्रॉड वाजवत होते आणि टॉरी यांची ती शब्दहीन तान कॅरल केन्यन घेत होत्या. मैदानातल्या कोणालाही फसवल्यासारखे वाटले नाही. हे सगळे शिकून आलेले उत्तम वादक होते आणि गाणे कानावर पडत होते ते रेकॉर्डवरचेच.

एका सीनियरला मी हे मोजून दाखवले. मुंबईत एक अस्सल आणि बाकी शिकून आलेले, फुलम टाऊन हॉलमध्ये दोन अस्सल आणि बाकी शिकून आलेले. मग जास्त अस्सल कार्यक्रम कोणता? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, थोडा विचार केला आणि मोबाइलवर २००७ च्या तिकिटाचा फोटो शोधायला सुरुवात केली.

आता अवतारांची स्पर्धा?

ट्रिब्यूट बँडपुढे नवे आव्हान तंत्रज्ञानाचे आहे. मे २०२२ पासून लंडनमध्ये सुरू असलेल्या ‘अब्बा व्हॉयेज’मध्ये चौघा गायकांचे तरुणपणीचे डिजिटल अवतार मंचावर नाचतात, सोबत खरे वादक वाजवतात. ‘किस’ या अमेरिकी बँडने डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला निरोपाचा कार्यक्रम केला आणि त्याच मंचावरून आपले अवतार जाहीर केले. चेहरे हुबेहूब, वय कायमचे पंचविशीतले, आणि हक्कदार कंपनीच मालक असल्याने नावाचा वादही नाही.

पण यासाठी खास बांधलेले सभागृह आणि प्रचंड भांडवल लागते, शिवाय ते उचलून दुसऱ्या गावी नेणे सोपे नसते. ट्रिब्यूट बँडचे सामान ट्रकमध्ये बसते. आणि पिंक फ्लॉइडच्या बाबतीत चेहऱ्यांचा प्रश्न तसाही फारसा नव्हता. अल्बमच्या मुखपृष्ठावर गाय, लोलक, डुक्कर, विटांची भिंत असायची, बँडचे चेहरे क्वचितच. मंचावरही ते धुरात आणि अंधारात उभे असत, लोक बघत असत तो मागचा गोल पडदा. मूळ माणसांनीच स्वतःला इतके लपवले होते की त्यांच्या जागी दुसरे कोणी उभे राहिले तरी शेवटच्या रांगेतून फरक कळत नाही. कांगारू दिसेपर्यंत तरी.